'रेडी' म्हणजे नेमकं काय? नाशिक ते टेमघर, दोन दिवस

पाटील मॅडमचा फोन आला. भिवंडीतल्या टेमघरच्या कॉलेजात त्या शिकवतात. तिथल्या प्रयोगशाळेत एक छोटा कारखाना आहे: धातू कातणारं लेथ, रोबोटचा हात, सरकता पट्टा आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा कॉम्प्युटर. मुलांनी सुटी यंत्रं नव्हे, अख्खी व्यवस्था उभी करायला शिकावं म्हणून. दोन वर्षांत ती एकदाही एकत्र चालली नव्हती. शुक्रवारी प्राचार्य बघणार; नाही चाललं तर यंत्रं गोदामात आणि विषय फळ्यावर. भिवंडीत गोदामांना तोटा नाही. मला डिग्री नाही, पण असली यंत्रं वीस वर्षं स्वतः शिकून बोलती केलीत. निघालो.

गुरुवारी सकाळची एसटी, रांजणोली नाक्यापर्यंत साडेतीन तास. त्यातला पाऊण तास पडघ्यापुढे कंटेनरच्या मागे. उजवीकडे बसा, डावीकडे ऊन येतं. नाक्यावर शेअर रिक्षा घ्या. 'स्पेशल' विचारलीत की तुम्ही परगावचे ठरलात.

प्रयोगशाळेत चार यंत्रं, मुलांचे चार गट, प्रत्येकाचं एकच पालुपद: "आमचं चालतंय, सर." मी तासाभरात चौघांमधले संदेश जोडले, वर भाषणही ठोकलं. बटण दाबलं. रोबोटने तुकडा उचलला आणि लेथच्या बंद दारावर आपटला. मी लेथच्या गटाला झापलं.

जेवायला सगळे नारपोलीत. खिमा-पाव सत्तर रुपये, कांदा मागून घ्यावा लागतो. मग मुलांना घेऊन शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात घुसलो. कोणीतरी दारातून ओरडलं, बीम तयार आहे. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा भलामोठा रूळ. मागावरच्या सलीमचाचांनी मानही वळवली नाही. "तैयार मतलब? चढ़ाने को, कि चलाने को?" रूळ चढवल्यावरही हजारो धागे सांधायचे असतात, तेव्हा कुठे माग चालतो.

रोबोटच्या गटातली झोया माझ्याकडे बघत राहिली. परतल्यावर तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"सर, लेथचा 'रेडी' म्हणजे फक्त वीज चालू आहे. रोबोट समजतो दार उघडं आहे. आणि दोघांना जोडणारी प्रोग्रॅममधली ही ओळ तुमची."

माझीच होती. लेथच्या गटाची माफी मागितली. जड गेलं, लिहितानाही जातंय.

शुक्रवारी मी कीबोर्डला हात लावला नाही. प्रत्येक गट शेजारच्या यंत्रापाशी बसला आणि आपल्याला त्याच्याकडून नेमकं काय कळायला हवं ते लिहून काढलं. प्राचार्यांसमोर अकरा तुकडे निघाले, बारावा पट्ट्यावर अडकला. दोष कोणाच्या यंत्राचा, त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही, सर," झोया म्हणाली. "दोघांच्या मधला आहे. पाच मिनिटं द्या."

चार लागली. यंत्रं जागेवर राहिली.

घरी येऊन विचार करतोय. एकट्याने शिकण्याचा मला फार अभिमान. पण त्यामुळे वीस वर्षांत माझी ओळ कोणी तपासलीच नव्हती. मॅडमनी पुढच्या सत्रालाही बोलावलंय. जाणार आहे. शिकवायला, असं त्यांना सांगितलंय.