फुली मारलीय तिथे सही

"या आमच्या डायरेक्टर," शेठ म्हणाले.

बँकेचे दोन साहेब खुर्चीतून उठले, मला नमस्कार केला. मीही हात जोडले. तेवढ्यात शेठचा मुलगा मोबाईलमधून डोकं वर न काढता बोलला, "अगं, चहाचं बघ ना. तूच कर, तुझ्या हातचा बरा असतो."

साहेब लोक अवघडून हसले आणि बसले. एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मुलाची लॅपटॉपची बॅग. मी चहा आणला. हो, आणला. कप ठेवताना मला माझ्या हातांचाच संताप येत होता.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधली आमची कंपनी. प्रेसवर पत्रा दाबून पार्ट काढायचे, मोठ्या कंपन्यांना पुरवायचे. मी ऑफिसात लागलेले, फोन घ्यायला, बिलं काढायला. मग कंपनी प्रायव्हेट लिमिटेड झाली. दोन डायरेक्टर लागतात. पोराचं नाव कशात अडकायला नको म्हणून शेठनी मला बोलावलं. "तू घरचीच आहेस गं. नुसतं नाव द्यायचंय."

आम्ही राहतो ठाण्यापुढे दिव्याला. तिथे आईने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी असायची, तिथेही सांगायची, "आमची पोरगी डायरेक्टर झालीय." बायका म्हणायच्या, "मग सांग की तिला, पाण्याचं कर म्हणावं कायतरी!" मी हसायचे. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

कागद यायचे. शेठ पेन्सिलने फुली मारून पाठवायचे. "फुली मारलीय तिथे सही कर." मी वाचायला लागले की म्हणायचे, "अगं, परीक्षा आहे का उद्या?" मी सही करायचे. मग ते खोडरबरने फुली पुसून कागद फाइलला लावायचे. मालकी त्यांची. ठरवणार ते. नाव माझं.

प्रेसच्या तोंडाशी एक जाळी असते. ती खाली आल्याशिवाय प्रेस दाबतच नाही, म्हणजे हात आत राहत नाही. जाळीने काम हळू होतं म्हणून मुलाने ती काढायला लावली. त्या प्रेसवर सुनीता होती. ठाकुर्लीची, माझ्याच वयाची. दुपारी आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खायचो. ती म्हणाली, "तू डायरेक्टर ना गं? सांग ना त्यांना, जाळी लावा म्हणून."

मी सांगितलं. मुलगा म्हणाला, "तू ऑफिस बघ. डायरेक्टर कागदावर आहेस." शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीच्या आधीच सुनीताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात ती रडली नाही. पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाकरी कशी थापू गं आता?" मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मुलगाही तिथेच बसलेला. कागद पुढे केला. खाली फुली.

मी वाचला. सगळा वाचला. कारखान्यातल्या सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी डायरेक्टर म्हणून माझी, असा ठराव. बाहेर प्रेस सुरू झाली. धाड. धाड. जाळी नाहीच. सुनीताच्या जागी रेखाला उभं केलेलं.

"चौकशीला सरकारी साहेब येतील," शेठ हळूच म्हणाले. "घाबरू नकोस, वकील आहे आपला."

"जबाबदारी माझी?"

"कागदावर गं."

"आणि जाळी काढायचं कोणी ठरवलं?"

मुलगा उसळला. "ए, जास्त बोलू नकोस. कंपनी कोणाची आहे?"

टेबलावर खोडरबर पडलेलं. मी उचललं आणि फुली पुसली. घासून घासून पुसली. कागद तिथेच टाकला आणि तडक प्रेसपाशी गेले. "रेखा, बाजूला हो." प्रेस बंद केली. चावी काढली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागे फिरायचं नव्हतं.

मुलगा धावत आला. "कोणाला विचारून बंद केलीस?"

"डायरेक्टरला."

मी चावी मुठीत धरून बाहेर पडले.

चावी माझ्या पर्समध्ये आहे. आई म्हणते, "मोठ्या लोकांच्या नादाला कशाला लागतेस? नोकरी जाईल." जाईलही. घरात माझाच पगार येतो, भीती वाटते. रात्री जेवण गेलं नाही. उद्या त्यांनी मिटिंग ठेवलीय, मला डायरेक्टरवरून काढायची. मला कळवलेलंसुद्धा नाही, रेखाकडून कळलं.

मी जाणार. चौकशीचे साहेब येतील तेव्हा जाळी कोणी काढली ते नाव घेऊन सांगणार. पण आधी उद्या. खुर्चीवरची ती बॅग उचलून खाली ठेवणार आणि बसणार. चहा ज्याला प्यायचाय त्याने आणावा. आधी जाळीचं ठरवा, म्हणणार. मग माझं.