जुन्या रबरातल्या दोन पट्ट्या

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईच्या दुकानातले. चाळीस वर्षं त्यांनी कॉलरी उलटवल्या आणि पँटी आखूड केल्या. हातात पाना धरायची वेळ कधी आली नाही. घरातली जुनी, बुटकी, चारही चाकं ओढणारी जीप बायकोची. डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं पोचवायचं काम तिचं, आणि गाडीचं तेलपाणीही तिचंच. मास्तरांना तिनेच जेमतेम चालवायला शिकवलं होतं. "शिवण माझी, स्टेअरिंग तिचं," असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं; तोंडातून यायचं ते फक्त "टा". पाणी हवं तरी टा, पंखा लाव तरी टा. घाटापलीकडच्या दवाखान्यात दर गुरुवारी तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी मास्तरांना बजावलं होतं, "त्या जे काढतील ना तोंडातून, ते धरून ठेवा. सांगून काही उपयोग नाही असं त्यांना एकदा वाटलं, की मग माझ्याही हातात काही राहणार नाही." तेव्हापासून मास्तरांचा जीव त्या एका टा-मध्ये अडकला होता.

पावसाची झड लागली तेव्हा वायपर काच पुसायच्या ऐवजी पाणी इकडून तिकडे सारवू लागले. रबर कडेने चिरलं होतं. दुकानदार म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीचा अख्खा वायपर नाही मिळायचा. नुसतं रबर घ्या, मापाने कापा." मापाने कापा म्हटल्यावर मास्तरांची कळी खुलली. अहो, हे तर आपलंच काम.

गुरुवारी सकाळी त्यांनी बायकोला ओसरीवर खुर्चीत बसवलं आणि वायपर मांडीवर घेतले. लोखंडी चिमट्यांतून जुनं रबर ओढून काढलं. त्याच्या दोन्ही कडांच्या खाचेत पोलादाच्या दोन बारीक पट्ट्या होत्या, रबराला ताठ धरणाऱ्या. नव्या रबरात त्या नव्हत्या. जुन्यातल्या काढून घालायच्या असतात. हे मास्तरांना कोण सांगणार? फाटकी कॉलर उसवली की तिला ताठ ठेवणारं आतलं जुनं बकरमही टाकून द्यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी पट्ट्यांसकट रबर गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"टा," बायको म्हणाली.

"देतो हं." मास्तर पाणी घेऊन आले. तिने डाव्या हाताने भांडं ढकललं. "टा. टा. टा." चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. मास्तरांनी पंखा लावला, शाल आणली, उशी सरकवली. बाहेर कचऱ्याची गाडी आली तसे ते डबा रिकामा करून आले. तिने डोळे मिटून घेतले. दमली असेल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी शिवणाच्या कात्रीने नवं रबर असं सुबक कापलं, की कुणी बघायला हवं होतं.

घाटात दुसऱ्याच वळणावर ते सुबक रबर लुळं पडलं, दुमडलं आणि चिमट्यातून निसटून गेलं. उघडं लोखंड काचेवर कर्रकर्र फिरलं आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर पांढरा ओरखडा उमटला. समोरचं काहीच दिसेना. कशीबशी गाडी कडेला घेतली.

पाऊस ओसरेपर्यंत दवाखान्याची वेळ टळून गेली. मागून येणाऱ्या एका मिस्त्रीने थांबून पाहिलं आणि विचारलं, "काका, पट्ट्या कुठायत? जुन्या रबरात असतात त्या?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"तू हेच सांगत होतीस," ते म्हणाले. "आणि मी तुला पाणी पाजत होतो."

घरी पोचेपर्यंत तिच्या तोंडून टा-सुद्धा निघालं नाही, जेवतानाही नाही. शुक्रवार, शनिवार तसेच गेले. पाणी हवं असलं तरी आवाज नाही. समोर ठेवलं तर प्यायची, नाहीतर तशीच बसायची. मास्तरांनी हात जोडून पाहिलं, चिडूनही पाहिलं. शेवटी हात टेकले.

रविवारी त्याच मिस्त्रीने भंगारातल्या वायपरमधून काढलेल्या पट्ट्या आणून दिल्या. "पट्ट्यांवरच्या या खाचा आतल्या बाजूला हं काका, नाहीतर रबर परत निसटेल," असं दोनदा सांगून गेला.

मास्तर तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. नवं रबर घेतलं, पट्टी उचलली आणि मुद्दाम खाचा बाहेर ठेवून घालायला लागले. सावकाश, तिला नीट दिसेल असं. एक पट्टी गेली. तिने पाहिलं, चुकलंय हे तिला कळलं, हे मास्तरांनाही कळलं. ते तिच्या टा-साठी थांबले. "बरोबर आहे ना गं?"

तिने नजर काढून घेतली आणि मांडीवरच्या आपल्या लुळ्या हाताकडे बघत बसली. मास्तरांनी दुसरी पट्टीही उलटी घातली.