मूळ उताऱ्यात आहे

आमच्या लातुरात विशेषणांचा जेवढा संहार एकट्या आमच्या मराठीच्या सरांनी केला, तेवढा दुसऱ्या कुणीही केला नसेल. अकरावीला सारांशलेखन शिकवताना फळ्यावर त्यांचे दोनच नियम असत: उताऱ्यात नाही ते घालायचे नाही आणि उताऱ्यातला मुख्य मुद्दा गाळायचा नाही. एखाद्याने ‘लेखकाने फार सुंदर सांगितले आहे’ असे लिहिले की समासात लाल शाईने प्रश्न उमटे, ‘सुंदर कुणी म्हटले?’ पोरगे चाचरत म्हणे, ‘सर, मला वाटलं.’ त्यावर सर शांतपणे सांगत, ‘तुला वाटलेलं घरी ठेवून येत जा.’

हे वर्गापुरते राहिले असते, तर इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचा उपद्रव झाला नसता. पण चौकात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला की सर मुलांना त्यापुढे उभे करून ‘दमदार’, ‘कार्यसम्राट’ वगैरे सगळे गाळून घेत आणि उरलेला ऐवज वाचून दाखवत, ‘एका माणसाचा वाढदिवस आहे. फोटोतल्या बाकीच्यांना ते माहीत आहे.’ माहेरच्या लग्नाची हकिकत तासभर सांगून सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, दमल्या की सर म्हणत, ‘म्हणजे वरणात मीठ जास्त झालं.’ एका सहकाऱ्याच्या शोकसभेत आम्ही सर्वांनी गहिवरून भाषणे केली. शेवटी सर उठले आणि म्हणाले, ‘शेवटची काही वर्षं आपण त्यांच्याशी बोलत नव्हतो. हे मूळ उताऱ्यात आहे.’

अशा माणसाला माझ्या मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला बोलवावे, ही बुद्धी मला कशी झाली याचा मी अजूनही विचार करतो. धर्माबादचे आडत व्यापाऱ्याचे स्थळ होते. कधीच कुणाची स्तुती न करणारा माणूस दोन शब्द बरे बोलला तर त्यांना वजन येईल, असा माझा चतुर हिशेब होता. पोहे झाले. मुलाचे मामा सरांकडे वळून म्हणाले, ‘पोरगी लई गुणाची हाय म्हणतेत. तुमी तर शेजारचे. सांगा की, सर.’

सरांनी घसा साफ केला. ‘मुलगी बी.एस्सी. झाली आहे. पुढं शिकायला नांदेडला प्रवेश मिळाला आहे. स्वयंपाकातलं वरण येतं. वडील म्हणतात, स्थळ पसंत. आई म्हणते, पसंत.’ मग ते थांबले. ‘मुलगी काय म्हणते, ते यात कुठंच आलं न्हाई. मुख्य मुद्दा गाळून सारांश होत न्हाई.’

प्रवेशाची गोष्ट मी पाहुण्यांना सांगितलीच नव्हती. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मग इचारा की पोरीला. मागून भांडण-कालवा नको.’

मुलगी दारातच उभी होती. ती इतकेच म्हणाली, ‘मला शिकायचंय, बाबा.’

पाहुणे चहा घेऊन गेले. मी सरांशी बोलणे टाकले. स्टाफरूममध्ये त्यांच्या नकला करून लोकांना हसवले. त्यात मी बऱ्यापैकी तरबेज झालो. सरांनी स्वतःची बाजू कधी मांडली नाही. ते त्यांचे मत झाले असते.

यंदा सर निवृत्त झाले. निरोपाचे भाषण मी मागून घेतले. एकही विशेषण येऊ दिले नाही. शेवटचे वाक्य होते, ‘माझ्या मुलीला काय हवे, हे माझ्या घरात सरांनी विचारायला लावले.’ पहिल्या रांगेत बसलेली मुलगी त्यासाठी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या वसतिगृहातून सकाळीच आली होती.

समारंभानंतर सरांनी भाषणाचा कागद मागून घेतला आणि सवयीने लाल पेन काढले. बराच वेळ वाचत राहिले.

‘काही जास्त झालं का, सर?’ मी विचारले.

‘जास्त न्हाई. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता, ते गाळलंत.’

एवढे बोलून त्यांनी पेन माझ्यापुढे धरले. मी ते वाक्य समासात लिहिले. सरांनी ते पुन्हा एकदा वाचले, कागदाची नीट घडी घातली आणि तो परत न देता स्वतःच्या खिशात ठेवला.