फॅन सारखा फिरून राह्यला!

अहेरीत बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना आमचं छोटंसं दुकान लागतं. लॅपटॉप, प्रिंटर दुरुस्तीचं. मशीन खोलायला वेळ लागतो. तोवर गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसतं आणि बोलत सुटतं. कोणाच्या घरी काय चाललंय, हे आम्हाला न विचारताच कळतं. किस्से असेच जमत गेले. त्यातले निम्मे तर एकाच तक्रारीचे : "भाऊ, फॅन सारखा फिरून राह्यला!"

दुकानात आम्ही दोघं. मी चंद्रपूरला हार्डवेअरचा कोर्स करून आलो. शंकरभाऊ माझे पार्टनर, वयानं बरेच मोठे. त्यांनी उभी हयात कूलर, मिक्सर अन् रेडिओ दुरुस्त केले. आमची वाटणी सोपी आहे. लॅपटॉप मी खोलतो, माणसं ते खोलतात.

एकदा भर मे महिन्यात एक साहेब आले. रुमालानं मान पुसत म्हणाले, "वर्षभर ठीक होता हो! पंधरा दिवसांपासून फॅन बंदच होत नाही. काहीतरी मोठा फॉल्ट असणार."

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. शंकरभाऊंनी माझा हात धरला.

"साहेब, तुमच्या घरचा फॅन कवा बंद केला होता?"

साहेब आठवायला लागले. "घरचा? तो कसा बंद करणार? जीव जाईल ना!"

"मंग त्याचाबी जीव आहे न!"

साहेब हसले. आम्ही फॅनमधली धूळ काढून दिली. जाताना ते उन्हात लॅपटॉपवर रुमाल धरून गेले!

दुसरे एक मास्तर. रोज पलंगावर, गादीवर लॅपटॉप ठेवून काम करायचे. खालची हवा येण्याची जाळीच बंद! मी समजावून सांगितलं, "सर, गादीवर नका ठेवू. त्याला चांगली हवा लागू द्या."

चार-आठ दिवसांत मास्तर परत. आता लॅपटॉप सुरूच होईना. खोलला तर आत पाणी! अन् वास कसला, तर चक्क वाळ्याचा!

"सर, ठेवला कुठी होता?"

"वाळ्याच्या कूलरच्या पुढं. तुम्हीच बोल्ले ना, चांगली हवा लागू द्या! आमच्या घरी त्याच्यापेक्षा चांगली हवा कुठीच नाई."

चूक कोणाची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. लॅपटॉप मात्र वाळवून वाळवून सुरू केला. आतला वास शेवटपर्यंत गेला नाही. मास्तर म्हणतात, "उन्हाळ्यात बरं वाटते!"

पोंभुर्ण्याकडच्या एका राईस मिलमधून लॅपटॉप आला, तेव्हा तर मी खालचं झाकण काढलं अन् थांबलोच. फॅन दिसेचना. सगळा कोंडा! मी ब्रशनं काढतोय अन् तो संपतच नाही. शंकरभाऊंनी शांतपणे खाली पेपर पसरला.

"उडवू नको. घरी कोंबड्या आहेत."

मालक समोरच बसले होते. त्यांनी एकदा पेपराकडं पाहिलं, एकदा शंकरभाऊंकडं. "भाऊ, तुमाले कोंडा पाहिजे तर मिलवर या ना. पोतं देतो! लॅपटॉपमधून काऊन काढता?"

एक पोरगी भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करायची. मोठी गुणी पोर. तिची तक्रार अशी, की "सर, मी काईच करत नाई, तरी फॅन फिरते." मी ब्राउझर उघडला. वर टॅबची अशी रांग लागली होती, की एकाचंही नाव वाचता येईना!

"एवढे कशाला उघडे ठेवले?"

"बंद केले तर विसरते न, सर. ते वाचाचे आहेत."

"हा तर दिवाळीच्या रांगोळीचा आहे!"

"मंग दिवाळी येईन ना, सर!"

शंकरभाऊ बाजूला मिक्सरची मोटर पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तिले काई बोलू नको. माह्या घरी लग्नापासूनचे टॅब उघडे आहेत. बायकोनं एकबी बंद केला नाई. अन् कोणता कवा समोर येईन, सांगता येत नाई!"

पोरगी इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. नंतर तिला पानं सेव्ह करायला शिकवलं. भरतीत निवड झाली तेव्हा पेढे घेऊन आली. पहिला पेढा शंकरभाऊंच्या हातात ठेवून म्हणाली, "काका, हा काकूले. एक टॅब तरी बंद होईन!"

मग मडावीभाऊंचा किस्सा. जंगलाकडच्या गावात राहतात. मोहफूल, हिरडा गोळा करणाऱ्या बायांच्या गटाचं कॉम्प्युटरचं काम तेच पाहतात. थंडीच्या दिवसांत लॅपटॉप घेऊन आले. फॅन घरघर करतोय, बाजूनं गरम वाफा. मी खोलला. आत पिसं! बारीक, पिवळी, मऊ पिसं!

मला वाटलं, चिमणीनं घर केलं की काय. मी सगळं स्वच्छ केलं, चिपची गरमी ओढून घेणारी पेस्ट बदलली. फॅन असा शांत झाला, की मलाच माझं कौतुक वाटलं.

आठवड्यात ते परत दारात. चेहरा उतरलेला.

"काय झालं? पुन्हा आवाज करतो का?"

"आवाजच तर नाई करत! पार थंडा करून देला तुमी. आता पिल्ले कुठी ठेवू?"

तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांच्या कोंबडीला जंगली मांजरानं नेलं होतं. पिल्लं उघडी पडली. मडावीभाऊ कामाला बसले, की त्यांची बायको पिल्लांची टोपली लॅपटॉपच्या बाजूला, गरम हवा येते तिथं ठेवायची. ती पिल्लं त्या हवेवर जगली होती. अन् आम्ही ती हवाच बंद केली!

"काल एक पिल्लू गेलं," ते हळूच म्हणाले.

शंकरभाऊ उठले. एक लाकडी खोका घेतला, त्यात बल्बचा होल्डर ठोकला, वायर जोडली, जाळी लावली. स्वतःचा हात बराच वेळ आत धरून ऊब पाहिली. "याच्यात ठेवा. लाइन गेली तर खाली गरम पाण्याची बाटली. अन् लॅपटॉपले आता बायांचंच काम करू द्या."

उरलेली सगळी पिल्लं वाढली. शंकरभाऊ त्या गावाला गेले तेव्हा मडावीबाईंनी त्यांना कोंबडी रांधून घालायचं ठरवलं होतं. यांनी घासही घेतला नाही. म्हणे, "मी त्यांले खोक्यात ठेवलं, मले कसं जाईन?" भाजी-भात खाऊन परत!

आणि आलापल्लीच्या बाई.

दुपारची वेळ. ऑटोतून एक बाई उतरल्या, साठीच्या आसपासच्या. लॅपटॉप उघडाच, दोन्ही हातांवर आडवा धरलेला. पूजेचं ताट आणावं तसा!

"झाकण तरी लावायचं, बाई!"

"लावलं तर पोरगा कटते ना! फॅन तेवढा पाहा भाऊ. लय आवाज करते. बंद नका करू पण."

टेबलावर ठेवला. स्क्रीनवर एका खोलीचा फोटो. खाट, खुंटीला शर्ट, कोपऱ्यात शेगडी. मी फोटो समजून बाजूला करायला गेलो, तर खिडकीचा पडदा हलला!

"बाई, हा तर व्हिडिओ कॉल सुरू आहे."

"मंग? रोजच राहते." बाईंनी पिशवीतला मोबाइल दाखवला. त्याच्यावरून नेट सुरू होतं. पोरगा हैदराबादला नोकरीला. घरधनी गेल्यापासून बाई एकट्या. पोरगा घरी असला, की इकडून-तिकडून दोघांचे लॅपटॉप सुरू. "तो त्याचं करते, मी माह्यं करते."

मी समजावलं, "दिवसभर कॉल राहिला, की मशीन तापणारच. बोलणं झालं, की कट करत जा. फॅन आपोआप थांबेल."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"बोलणं झाल्यावर कट करतेत. आमचं कुठी झालं?"

मी टचपॅडवरचं बोट काढलं. शंकरभाऊंनी फळीवरून कूलिंग स्टँड काढला, त्यावरची धूळ पुसली. "फिरू द्या त्याले. मी खालून आणखी एक फॅन लावून देतो." बाईंचा चेहरा उजळला. घसा सुकला म्हणून त्या दाराबाहेरच्या माठाकडे पाणी प्यायला गेल्या.

शंकरभाऊ वाकून स्टँड बसवत होते. तेवढ्यात स्क्रीनवर पोरगा आला. खांद्यावर टॉवेल. आमच्याकडं पाठ करून शेगडीपाशी उभा राहिला अन् कुकरचं झाकण काढलं.

"आई, वरणात हिंग आता टाकू का?"

शंकरभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. बाई अजून माठापाशीच.

पोरगा पुन्हा म्हणाला, "आई? आहे न तू?"

शंकरभाऊ लॅपटॉपजवळ तोंड नेऊन, शक्य तितक्या मऊ आवाजात बोलले, "आहे न बाबा. हिंग फोडणीत टाक."

पोरानं मान डोलावली. वळला नाही. कढईत तेल ओतलं अन् काळजीनं विचारलं,

"आई, तुहा आवाज काऊन बसला?"