दुसरी हाक

या धाग्यावर मी आजवर दोनदाच लिहिलंय, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या अनुभवाची टर उडवायला. कपाट आपोआप उघडतं म्हणणाऱ्या एका ताईंना मी "बिजागरीला तेल घाला" असं सुचवलं होतं. त्या ताई अजून इथे येत असतील तर आधी त्यांची माफी मागतो. माझा अशा गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे का, ते मला सांगता येणार नाही... पण हे कुठेतरी लिहिल्याशिवाय आता चैन पडत नाहीये.

२०१७चा जुलै महिना. आम्ही तेव्हा कॅनडाच्या पूर्व टोकाला, मॉन्क्टनला राहत होतो – मी, बायको मानसी आणि सहा वर्षांची इरा. तिथून फंडीचा उपसागर गाडीने पाऊण तासावर. जगातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी तिथे होते. ओहोटीला पाणी किलोमीटरभर मागे जातं, लाल चिखलाचं मोकळं मैदान उघडं पडतं आणि पोरं गमबूट घालून समुद्राच्या तळावर चक्क फिरतात. गोगलगायी, खेकडे, किडे – सगळं पायाशी. फक्त पाणी फिरलं की ते माणसाच्या चालीने परत येतं, हे विसरायचं नाही.

मी मूळचा सांगलीचा. समुद्र म्हणजे शाळेची सहल, एवढीच ओळख. पण नोकरी क्वालिटी कंट्रोलमधली आणि स्वभाव नोकरीपेक्षा वाईट. तिथल्या चार मराठी कुटुंबांनी दर शनिवारी मुलांना निसर्ग दाखवायला न्यायचं ठरवलं, तेव्हा पुढारीपण आपसूक माझ्याकडे आलं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी लॅमिनेट करून गळ्यात अडकवत असे. आणि मुलांना एकच नियम – बाबांची, म्हणजे माझी, हाक एकदाच येणार. ऐकली की हातातलं टाकायचं आणि आवाजाच्या दिशेने निघायचं. दुसरी हाक मिळणार नाही. पार्किंग लॉटमध्ये मी याची प्रॅक्टिससुद्धा घेत असे. सातही मुलं एका हाकेत हजर व्हायची आणि माझी कॉलर ताठ व्हायची.

त्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या गुहागरकडच्या. त्यांना हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटायचा.

"अहो, समुद्राच्या पोटात कुणी मुलं खेळायला नेतं का?"

मी त्यांना वेळापत्रक दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून नीट वाचलं आणि परत दिलं.

"कागद बरोबर असेल हो तुमचा. पण पाणी काय कागद वाचून येतं?"

त्यावर मानसी हसली, आणि मी दिवसभर धुमसत राहिलो.

त्या शनिवारी ओहोटीची वेळ अकरा चाळीस. सव्वाबाराला परत फिरायचं, असं मी तीनदा बजावलं. लख्ख ऊन होतं. सासूबाई काठावरच्या गोट्यांवर फोल्डिंग खुर्ची टाकून, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन बसल्या. मानसीचं पाऊल मुरगळलं होतं, ती त्यांच्याजवळ थांबली. आम्ही चार मोठी माणसं आणि सात मुलं चिखलात उतरलो. जिथे आम्ही थांबलो त्याच्या बरंच पुढे, पाण्याच्या बाजूला, पूर्वी मासेमारीसाठी रोवलेल्या लाकडी खुंटांची एक रांग होती. खुंटांपलीकडे जायचं नाही, हेही सांगून झालं होतं.

बारा वाजायला आले असतील. मी दोन मुलांना भिंगातून एक किडा दाखवत उकिडवा बसलो होतो. अचानक पाठीला गार लागलं. मान वर केली तर पाण्यावरून धुकं येत होतं... सपाट, जाड, अजिबात घाई न करता. मी उठून उभा राहीपर्यंत ते खुंट दिसेनासे झाले. दोन मिनिटांत तर काठही दिसेना.

मी एकदाच ओरडलो, "चला!"

चिखलात पचक पचक आवाज करत मुलं आली. मी मोजली. सहा. माझ्या मित्राच्या बायकोने, स्वप्नाने, डोक्यांना हात लावून परत मोजली. सहाच.

इरा नव्हती.

स्वप्नाला सगळ्यांना घेऊन काठाकडे जायला सांगितलं आणि मी उलट दिशेने, पाण्याकडे पळालो.

"इरा!"

काही नाही.

"इराऽऽ!"

मग धुक्यातून बारीकसा आवाज आला, "बाबा?"

"आहेस तिथेच थांब! हलू नकोस!"

"से इट अगेन!"

मला वाटलं, कार्टीला खेळ सुचतोय. माझं डोकंच फिरलं. मी ओरडत राहिलो आणि ती दरवेळी तेच – "अगेन, बाबा! अगेन!" त्या आवाजाच्या मागे मागे मी खुंटांपर्यंत पोचलो. एका खुंटाला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली होती. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा दंडाला धरून गदागदा हलवलं. तेवढ्यात खाली लक्ष गेलं. तिच्या बुटांचे ठसे खुंटापाशी थांबले नव्हते. ते पुढे, पाण्याकडे गेले होते. दहा-बारा पावलं. तिथे दोन्ही पाय जुळवून ती उभी राहिलेली कळत होती, आणि तिथून परत खुंटाकडे. त्या ठशांच्या पुढे हातभर अंतरावर एक ओहळ होता, आणि त्यातलं पाणी आमच्याकडे वाहत होतं. माझ्या कागदाप्रमाणे त्या जागी पाणी यायला अजून अर्धा तास होता.

तिला उचलून मी पळत सुटलो. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"बाबा, यू कॉल्ड मी फ्रॉम देअर."

"कुठून?"

तिने पाण्याकडे बोट केलं. "यू सेड, इरा इकडे ये. आय वॉज कमिंग. बट यू सेड इट ओन्ली वन टाइम."

"मग?"

"आजी म्हणते, ओन्ली वन टाइम असेल तर दॅट्स नॉट बाबा."

मी पळतच राहिलो. मी तिच्या नावाने त्याआधी हाकच मारली नव्हती, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

ते सुचलं पार्किंग लॉटमध्ये. स्वप्ना मुलांचे बूट धूत होती. ती म्हणाली, "पण तू आधी तिकडे पलीकडे कशाला गेला होतास?"

"कधी?"

"धुकं आलं तेव्हा. 'इरा, इकडे ये' म्हणालास ना? आवाज पाण्याकडून आला. मला वाटलं तू तिला आणायला गेलायस, म्हणून तर मी तिच्यामागे गेले नाही."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हातातलं चहाचं झाकण खाली ठेवलं.

"इराला भरवताना गंमत म्हणून सांगितलं हो मी," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे लहानपणी सांगायचे. एका हाकेला ओ देऊ नये, दुसरी येऊ द्यावी. बाहेरचं असलं तर ते एकदाच हाक मारतं. आणि आवाज आपल्याच माणसाचा काढतं." त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही रागावणार असाल तर मी आता काही बोलत नाही."

एरवी मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "आई, मला पण थोडा चहा द्या."

घरी आल्यावर त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्यांनी इराची दृष्ट काढली आणि ती तव्यावर टाकली. स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेलने धूर हलवत होतो आणि 'हे थांबवा' असं एकदाही म्हणालो नाही. मानसी माझ्याकडे बघतच राहिली.

नंतर मी खूप डोकं लावलं. धुक्यात आवाजाची दिशा फसते, हे खरं आहे. पण दिशा फसायला आधी आवाज तर हवा? मी फक्त "चला" म्हणालो होतो, तेही नंतर. दुसरा कुणी माणूस म्हणावा, तर लॉटमध्ये आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती, आणि त्या किनाऱ्यावर मराठीत माझ्या मुलीला हाक मारणार कोण? स्वप्नाला मी त्यानंतर चारदा विचारलं. शेवटी ती चिडली. "माझ्या कानांवर विश्वास नाही का तुझा?"

शनिवारच्या सहली बंद झाल्या. पुढच्या वर्षी मी समुद्रापासून लांब, किचनर शहरात नोकरी घेतली. लोकांना पगाराचं कारण सांगितलं.

आता इरा आठ वर्षांची आहे. शाळेत ती एका हाकेत जाते. मानसीच्या एका हाकेला येते. फक्त मी खालून "इरा, जेवायला ये" म्हटलं की वर तिची पावलं थांबतात. घर एकदम गप्प होतं. मी दुसऱ्यांदा हाक मारतो, मग ती उतरते, आणि शेवटच्या पायरीवर थांबून आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेते. मानसी म्हणते, तिची ही सवय मोड. मला ती मोडायची नाहीये. पण ती तसं बघते ना, तेव्हा मला रडू येतं, हे इथे कबूल करतो.

हे सगळं मी कधीच लिहिलं नसतं. पण मागच्या महिन्यात एका रविवारी, भर दुपारी, मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. पाठीमागे गराज उघडं होतं. आतून आवाज आला – "बाबा!"

"आलो गं," म्हणून मी फावडं टाकून चार पावलं गेलोसुद्धा. मग आठवलं, की इरा आणि मानसी स्विमिंग क्लासला गेल्यात. गराजमध्ये उन्हाळ्याचे टायर, सायकली, रिकामी खोकी. मानसीला फोन लावला. "अरे, ती पाण्यात आहे, माझ्या समोरच," ती म्हणाली. मी बर्फात बराच वेळ उभा होतो. परत काही ऐकू आलं नाही. पण माझी ओ देऊन झाली होती. पोरीने हाक मारली तर दुसरीची वाट बघत थांबायचं कसं, ते मला जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना फोन केला. भारतात पहाट होती, पण त्या उठलेल्या असतात. झालं ते सांगितलं आणि शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "आई, एका हाकेला चुकून ओ दिली तर काय होतं म्हणायचे तुमच्याकडे?"



त्या म्हणाल्या, "फोन जरा मानसीकडे द्या."

त्या दोघी दार लावून वीस मिनिटं बोलत होत्या. काय बोलल्या, ते मानसीने मला अजून सांगितलेलं नाही.