पाण्यात ठेवलेली पाटी

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९७५. पहाटे पाऊस. बागेत खड्डा खणताना स्त्रातीसला दगडाखाली मातीची पाटी सापडली. माझ्याकडे ठेवायला दिली. कुणाला सांगायचं नाही म्हणाला.

रोजनिशीत एवढं लिहून एरोफिलीने पाटी पिठाच्या डब्यामागे सरकवली. तळहाताएवढी, चपटी, काडीने कोरलेल्या खुणांनी भरलेली. टेकडीखालच्या उत्खननावर ती उन्हाळ्यात खापरं धुवायला जाई, म्हणून तिने लिपी लगेच ओळखली. बेटावरच्या जुन्या राजवाड्यांच्या काळातली ती लिपी अजून कुणालाच वाचता आलेली नव्हती.

ऑलिव्हची बाग तिच्या आणि धाकट्या दिराच्या, स्त्रातीसच्या, नावावर होती. तिचा नवरा मिनास गेल्यापासून स्त्रातीस रात्री तिच्याकडेच जेवायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. बोभाटा झाला की सरकारी माणसं येणार, बागेला तारेचं कुंपण घालणार आणि झाडांना हात लावू देणार नाहीत. शेजारच्या गावात तसं झालंच होतं.

मग पाटी तिथेच परत का नाही पुरली? हा प्रश्न काही एरोफिलीच्या डोक्यातून जाईना. गेल्या आठवड्यात कॅफेत जुन्या वस्तूंची चौकशी करत स्त्रातीसशेजारी बसलेला कोटवाला शहरी पाहुणा तिला आठवत राहिला.

स्त्रातीसलाही तिचा भरवसा नसावा. जेवताना तो दोनदा उठला आणि पाणी घेण्याच्या निमित्ताने डब्यामागे डोकावून आला.

"वहिनी, तुमच्या मनात म्युझियम आहे."

"आणि तुमच्या मनात तो कोटवाला."

तो हसला खरा, पण हातातला पाव तसाच राहिला.

तो गेल्यावर एरोफिलीने ठरवून टाकलं. सकाळच्या बसने जायचं आणि पाटी म्युझियममध्ये देऊन यायची. पण अशी मळकी कशी न्यायची? ख्रिस्ती मठातल्या जोगिणींच्या शाळेत वाढलेली ती, मळलेली वस्तू कुणाच्या हातात देणं तिला जमणारं नव्हतं. उत्खननावर खापरं भिजवत तशीच तिने पाटी तसराळ्यात भिजत घातली आणि निजायला गेली.

सकाळी तसराळ्यात लाल चिखल होता. तिने तळापर्यंत हात घातला. टणक असं काही लागलं नाही. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. खापरं भट्टीत भाजलेली असतात. ही पाटी नुसती वाळवलेली होती, दगडाखाली कोरडी राहिली म्हणून इतकी वर्षं टिकली होती.

बस निघून गेली. ती तसराळं घेऊन स्त्रातीसच्या दारात गेली आणि सगळं सांगितलं, म्युझियमचा बेतसुद्धा. त्याने चिखलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"चिखल माझ्याही अंगणात आहे, वहिनी."

तो तिच्यामागोमाग घरी आला. पिठाचा डबा टेबलावर उपडा केला, गादी उलटली, मिनासचे बनियन ठेवलेली पेटी उसकटली. एरोफिलीने त्याला अडवलं नाही. उलट एकेक झाकण स्वतः काढून दिलं. तिच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. ज्याला बागेची भीती आहे, त्याला पाटी गेल्याचं ऐकून हायसं वाटायला हवं होतं.

"बाग तर वाचली, भाऊजी. मग शोधताय काय?"

स्त्रातीसचे हात पेटीतच थांबले. तळहातांवरचं पीठ झटकलं, टोपी घेतली आणि मागचं दार न लावताच निघून गेला.

बुधवार, १५ ऑक्टोबर. रात्री दोघांपुरते मसूर शिजवले. अर्धे उरले.