युसेबियाची साक्ष

ओतिलिया कावासोस शाळेत जायला लागली तेव्हापासूनच घराची दुभाषी झाली होती. तिचे आईवडील नदीपलीकडून, मेक्सिकोतून आलेले. वडील संत्र्यांच्या बागेत राबायचे, आई लोकांच्या घरी इस्त्री करायची आणि दोघांनाही इंग्रजी धड येत नव्हतं. त्यामुळे दवाखान्यात, वीज कंपनीत, घरमालकासमोर ओतिलियाच बोलायची. खिडकीपलीकडचा कारकून खेकसला, तर ते खेकसणं ती आईपर्यंत पोचू द्यायची नाही. "उद्या या म्हणतात," एवढंच सांगायची.

पुढे ती कायदा शिकली आणि मोठ्या शहरातली नोकरी नाकारून टेक्सासच्या टोकाला, आपल्या पाल्मीरा गावीच केंद्र सरकारची वकील म्हणून परतली. आईनं, दोन्या एर्मिनियानं, गल्लीभर गोड पाव वाटले. गल्लीनं ते खाल्लेही, पण नंतर कुजबुज सुरू झाली. केंद्राचे खटले म्हणजे नदी ओलांडून येणाऱ्यांचे, त्यांना आणणाऱ्या दलालांचे. आरोपीच्या पिंजऱ्यात बहुतेक आपलीच माणसं. एका रविवारी अंगणात मांस भाजताना मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "जरा जपून बोला रे, आपल्या घरात सरकार जेवायला बसलंय." सगळे हसले. ओतिलियाही हसली, पण मामाकडे जाणं तिनं हळूहळू कमी केलं.

कचेरीत मात्र तिच्यावाचून पान हलत नसे. इतर वकील दुभाष्यामार्फत बोलायचे. ओतिलिया साक्षीदाराशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि आईच्या खेड्यातल्या स्पॅनिशमध्ये आधी विचारायची, जेवलात का? घाबरलेली माणसं तिच्यापाशी मोकळी व्हायची. वरिष्ठ कौतुकानं म्हणायचे की हिला कुलपं उघडता येतात.

ती पस्तिशीत असताना ते प्रकरण आलं. गावाबाहेरच्या शेडमध्ये एका बंद मालट्रकमध्ये माणसं कोंडून ठेवली होती. ऑगस्टचं ऊन. दार उघडलं तेव्हा त्यातले दोघे मेलेले होते. सख्खे भाऊ, धाकटा मिसरूडही न फुटलेला. ड्रायव्हर म्हणत होता, मला काही ठाऊकच नव्हतं. खरं काय ते पाहिलेली एकच बाई होती. युसेबिया मोंतेमायोर. दलालांनी आणलेल्या माणसांसाठी ती त्या शेडमागे स्वयंपाक करायची.

युसेबिया काही बोलेना. ओतिलियानं घाई केली नाही. ती रोज जायची, दोघी घेवड्याला फोडणी कशी द्यायची यावर बोलत बसायच्या. शेवटी एके दिवशी युसेबिया म्हणाली, "वकीलबाई, माझा मुलगा पलीकडे आहे. नाबोर. टायरच्या दुकानात काम करतो. मी तोंड उघडलं तर ते त्याला जिवंत सोडतील का?"

ओतिलियानं सांगितलं की ती त्याला अलीकडे आणायची खटपट करेल. तसा अर्ज तिनं खरंच वर पाठवला, पाठपुरावाही केला. विचार चालू आहे, एवढंच उत्तर येत राहिलं. खटल्याची तारीख मात्र थांबली नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी युसेबियानं पुन्हा विचारलं, तेव्हा ओतिलियानं तिचा हात हातात घेतला. "काळजी करू नका, मावशी. मी आहे ना."

कोर्टात युसेबिया ताठ बसून बोलली. आतली माणसं पत्रा बडवत होती, ड्रायव्हर बाहेर सावलीत बसला होता. तिनं त्याला दार उघड म्हटलं, तर तो म्हणाला, "आहोरिता." कोर्टाच्या दुभाष्यानं त्याचं भाषांतर केलं, 'या क्षणी'. बचावाच्या वकिलानं तेच धरलं. पाहा, माणूस तर लगेच उघडणार होता!

ओतिलिया उठली. तिनं विचारलं, "बाई, तुमच्याकडे आहोरिता म्हणजे किती वेळ?"

युसेबियानं विचार केला. "माझा नवरा आहोरिता येतो म्हणून गेला. त्याला नऊ वर्षं झाली."

ज्युरीतले लोक हसले. युसेबिया हसली नाही. ड्रायव्हर आणि त्याला कामाला ठेवणारा दलाल, दोघांनाही जन्मठेप झाली. वर्तमानपत्रात ओतिलियाचा फोटो आला आणि त्या रविवारी मामानं स्वतः फोन करून जेवायला बोलावलं.

मग नाबोर नाहीसा झाला. भर दुपारी दुकानासमोर एक गाडी थांबली, दोघांनी त्याला आत बसवलं. शेजारच्या दुकानदारांनी पाहिलं आणि शटर ओढून घेतली. त्याचा अर्ज अजून कुणाच्या तरी टेबलावर होता.

बातमी कळवायला दुसऱ्या कुणाला पाठवू, असं वरिष्ठ म्हणाले. ओतिलिया एकटीच गेली. अंगणातच तिनं जे झालं ते सांगितलं. युसेबिया कपडे वाळत घालत होती. हातातली चादर तिनं पुरती झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाली, "तुम्ही इंग्रजीत बोलला असतात ना, तर मी विश्वास ठेवला नसता."

युसेबिया आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आई तिला म्हणायची, सोड आता ही नोकरी. ओतिलियानं सोडली नाही. मी नसले तर त्यांच्याशी कोण बोलणार, असं ती म्हणायची, पण पूर्वीसारखं ठासून नाही. साक्षीदाराच्या घरचं कुणी पलीकडे असेल, तर ते अलीकडे येईपर्यंत ती साक्ष घेईना. त्यापायी काही खटले पडले, वरिष्ठ चिडले, बढती दुसऱ्यांना मिळाली. पलीकडच्या पोलिसांकडे नाबोरची चौकशी ती दरवर्षी करायची. बेवारस सापडलेल्यांचे फोटो स्वतः बसून पाहायची. तो त्यात कधीच नव्हता.

युसेबिया उत्तरेकडे एका कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तिथून कधीतरी तिचा फोन यायचा. काही कळलं? नाही. बरं. एवढंच बोलणं व्हायचं.

दोन्या एर्मिनिया वारली त्या वर्षी, नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी, ओतिलिया गाडी काढून युसेबियाकडे गेली. न कळवता. युसेबियानं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई गेली का?" ओतिलियानं मान डोलावली. मग युसेबियानं तिला आत घेतलं.

खोलीच्या कोपऱ्यात, गेलेल्या माणसांसाठी, झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. युसेबियाच्या आईचा फोटो होता. त्याच्याशेजारी वर्तमानपत्रातून कापलेला, त्या मालट्रकमधल्या दोघा भावांचा. नाबोरचा कुठेच नव्हता.

ओतिलियाची नजर फिरत होती ते युसेबियाच्या लक्षात आलं. "तो उद्या दारात उभा राहिला तर?" ती म्हणाली. "स्वतःचा फोटो इथं बघून काय वाटेल त्याला?"

तिनं ओतिलियाकडून दोन्या एर्मिनियाचा फोटो मागून घेतला आणि आपल्या आईशेजारी ठेवला. दोघी जेवायला बसल्या. घेवडा किंचित करपला होता, पण दोघींनी तो संपवला. निघताना युसेबियानं तिला पुन्हा ये म्हटलं नाही. फडक्यात बांधलेले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले तेवढे गाडीत आणून ठेवले आणि ते गरम आहेत तोवर वाटेत खा, असं सांगितलं.